दुसऱ्या गुन्ह्याचा हिशेब

२० मार्च २०१४ या दिवशी मुंबईच्या सत्र न्यायालयात दोन खटल्यांचे निकाल लागले. दोन्ही खटले महालक्ष्मीच्या शक्ती मिलमधले. ३१ जुलै २०१३ रोजी त्या बंद पडलेल्या गिरणीच्या आवारात एका टेलिफोन ऑपरेटर तरुणीवर सामूहिक बलात्कार झाला होता. २२ ऑगस्टच्या संध्याकाळी त्याच पडक्या भिंतींमध्ये, कामासाठी छायाचित्रे काढायला गेलेल्या एका वृत्तछायाचित्रकार तरुणीच्या वाट्याला तेच आले. दुसऱ्या घटनेची बातमी झाल्यावर पहिली मुलगी पोलिसांकडे आली. तपासात तीन प्रौढ आरोपी दोन्हीकडे सारखेच निघाले.

२० तारखेला ते दोन्ही खटल्यांत दोषी ठरले. २१ तारखेला टेलिफोन ऑपरेटरच्या खटल्यात त्यांना जन्मठेप झाली. २४ तारखेला सरकार पक्षाच्या मागणीवरून दुसऱ्या खटल्यात या तिघांवर एक जादा आरोप ठेवला गेला. भारतीय दंडविधानाचे कलम ३७६ ई. बलात्काराबद्दल आधी दोषी ठरलेला माणूस पुढे पुन्हा दोषी ठरला तर उरलेले सारे आयुष्य तुरुंगात किंवा फाशी, असे ते कलम. ४ एप्रिल रोजी प्रधान सत्र न्यायाधीश शालिनी फणसळकर-जोशी यांनी तिघांना फाशी सुनावली. या कलमाखाली देशातली ही पहिलीच फाशीची शिक्षा.

गुन्हा भयंकर होता, याबद्दल दुमत असायचे कारण नाही. त्या दोन मुलींनी न्यायालयात उभे राहून जी हिंमत दाखवली तिच्यापुढे आपण मान झुकवावी. पण त्या कलमातला 'आधी' हा शब्द माझ्या मनातून जात नाही. 'आधी दोषी ठरलेला' म्हणजे किती आधी? इथे दोन्ही गुन्हे घडून गेले होते, आरोपी कोठडीत होते, दोन्ही निकाल एकाच दिवशी लागले. गुन्हा केला, त्याची सजा मिळाली, तरीही पुन्हा गुन्हा केला, असा जो क्रम आपल्या डोळ्यांपुढे येतो तो इथे कधी घडलाच नाही. मग सराईत कुणाला म्हणायचे, हे कायद्याने कसे ठरवत आणले? हा प्रश्न शक्ती मिलपेक्षा पुष्कळ जुना आहे, आणि त्याच्या इतिहासातली बरीच पाने आपल्याच मुंबईत लिहिली गेली आहेत.

दुसऱ्या गुन्ह्याला जबर शिक्षा ही कल्पना इंग्रजांनी आणलेली नाही. मनुस्मृतीत खिसेकापूची पहिल्यांदा बोटे, दुसऱ्यांदा हात आणि पाय, आणि तिसऱ्यांदा मान अशी चढती भाजणी आहे. हनफी फिकहमध्ये चोरीसाठी पहिल्या वेळी उजवा हात, दुसऱ्या वेळी डावा पाय. तिसऱ्या वेळी मात्र हनफी आलिम थांबतात. आणखी अवयव तोडायचा नाही, तौबा करेपर्यंत कैदेत ठेवायचे, असे ते सांगतात. दोन्ही ग्रंथांची जातकुळी वेगळी, पण दोघांनी एक गोष्ट गृहीत धरली आहे. पहिल्या गुन्ह्याची सजा अंगावर वागवणारा माणूसच दुसऱ्यांदा पुढे उभा आहे. त्याचे कापलेले बोट हाच त्याचा रेकॉर्ड.

बंगालमध्ये कंपनीच्या फौजदारी अदालती बराच काळ मुस्लिम कायद्यावर चालल्या. मुंबई इलाख्यात एल्फिन्स्टनच्या १८२७ च्या संहितेने तो धागा लवकर तोडला. पुढे १८६० च्या भारतीय दंडविधानात कलम ७५ आले. ते कलम नीट वाचण्यासारखे आहे. नाणी व स्टॅम्प किंवा मालमत्ता यांविरुद्धच्या, तीन वर्षे वा अधिक कैदेच्या गुन्ह्यात जो दोषी ठरला आहे, त्याने त्यानंतर तसाच गुन्हा केला तर त्याला जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. त्या काळी जन्मठेप म्हणजे काळे पाणी. पण क्रम पाहा. आधी दोषसिद्धी, मग गुन्हा. 'पुन्हा करू नकोस' हे न्यायालयाने त्या माणसाला एकदा तोंडावर सांगितलेले असले पाहिजे. चार वर्षांनी, १८६४ च्या फटक्यांच्या कायद्याने अशा दुसऱ्या गुन्ह्याला फटक्यांचीही सोय केली. ते फटके स्वतंत्र भारतात १९५५ साली रद्द झाले.

कायदा केला, पण तो राबवायचा कसा? बोटे कापणे बंद झाले होते. माणूस नाव बदलून दुसऱ्या जिल्ह्यात पकडला गेला की तो कोरा. पोलिसांनी वर्णने लिहून पाहिली, फ्रान्समधून आलेली अंगमापे घेऊन पाहिली. अखेर उत्तर बंगालमध्ये सापडले, बोटांच्या ठशांत. १८९७ साली कलकत्त्यात ठशांचे कार्यालय सुरू झाले. हजारो ठशांमधून हवा तो ठसा शोधायची वर्गवारी एडवर्ड हेन्रीच्या नावाने जगभर गेली, पण तिचे गणित बसवण्यात खुलन्याचे अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन देशी पोलीस कर्मचाऱ्यांचा मोठा वाटा होता. हक यांना पुढे खानबहादूर किताब मिळाला. जलपायगुडीच्या एका चहामळ्याच्या व्यवस्थापकाचा खून झाला तेव्हा घटनास्थळी सापडलेल्या बंगाली पंचांगावर अंगठ्याचा ठसा होता. तो जुळला एका जुन्या नोकराशी, कारण चोरीच्या आधीच्या शिक्षेमुळे त्याचा ठसा दप्तरी होता. १८९८ साली न्यायालयाने त्याला चोरीत दोषी धरले, खुनात सोडले. ठसा सांगतो की माणूस तोच आहे. त्याने काय केले ते ठसा सांगत नाही. त्या न्यायालयाला हा फरक कळला होता. पुढच्या शंभर वर्षांत तो पुष्कळांना कळला नाही.

एका हाताने सरकार एकेका माणसाचा ठसा जपत होते आणि दुसऱ्या हाताने आख्ख्या जमातीच सराईत ठरवत होते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ साली मुंबई इलाख्यापर्यंत आला. त्याआधीच, १९०८ मध्ये, मुंबई इलाख्यातील पोलीस अधिकारी केनेडी यांनी इलाख्यातल्या 'गुन्हेगार वर्गां'वर पुस्तक लिहिले होते. त्यात छप्परबंदही आहेत. विजापूर-सोलापूरकडचे हे मुसलमान. मुघल फौजेबरोबर छपरे शाकारत दक्षिणेत आलो, अशी त्यांची स्वतःबद्दलची सांगी आहे. इंग्रजी दप्तरात ते खोटी नाणी पाडणारे म्हणून नोंदले गेले. कलम ७५ मध्ये नाण्यांच्या गुन्ह्याला मालमत्तेच्या गुन्ह्याबरोबरीने जागा होती हे आठवले म्हणजे या नोंदीचे वजन कळते. विजापूर, सोलापूर, हुबळी, गदग इथे वसाहती झाल्या. हजेरी, पास, तारेचे कुंपण. सोलापुरात 'सेटलमेंट' हा शब्द अजून पत्त्यात वापरतात.

या कायद्यातले एक कलम फारसे कुणाला आठवत नाही. १९२४ च्या एकत्रित कायद्याचे कलम २३. गुन्हेगार ठरवलेल्या जमातीतला माणूस ठरावीक गुन्ह्यांत दुसऱ्यांदा दोषी ठरला तर, खास कारण नसल्यास, किमान सात वर्षे. तिसऱ्यांदा ठरला तर जन्मभर काळे पाणी. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने १९९४ साली 'थ्री स्ट्राइक्स' नावाचा कायदा केला तेव्हा जगभर चर्चा झाली. त्यात दुसऱ्या वेळी दुप्पट शिक्षा आणि तिसऱ्या वेळी पंचवीस वर्षे ते जन्मठेप होती. दुकानातून तीन गोल्फच्या काठ्या चोरणाऱ्याची पंचवीस वर्षे ते जन्मठेप ही शिक्षा तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली पाच विरुद्ध चार मतांनी कायम केली. आपल्याकडे ही भाजणी सत्तर वर्षे आधीच लिहिलेली होती. फरक एवढाच की ती जन्म पाहून लागू होई. पारध्याला, कैकाड्याला, छप्परबंदाला. त्याच गुन्ह्यासाठी गिरगावातल्या कारकुनाला नाही.

३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा देशभर गेला. त्याच्या जागी सवयीच्या गुन्हेगारांचे कायदे आले. मुंबई राज्याने १९५९ साली आपला कायदा केला. त्यात जातीचे नाव नव्हते, पाच वर्षांत तीनदा शिक्षा झालेला माणूस अशी व्याख्या होती. कागदावर ही सुधारणाच. चौकीवर मात्र जुनी यादी तशीच राहिली. विमुक्तांच्या आत्मकथनांतून मराठी वाचकाला हे ठाऊक आहे, मी त्यात नवे काय सांगणार?

आता थेट लालबाग-परळकडे येऊ. तिथल्या चाळीत लहानपण काढलेल्या माणसाला 'तडीपार' हा शब्द शिकवावा लागत नाही. 'तडीस नेणे' यातली तडी म्हणजे काठ. काठापलीकडे घालवलेला तो तडीपार. आमच्या चाळीत एक दादा होता. तो तडीपार आहे हे आम्हा पोरांना कळायचे ते त्याच्या आईच्या दारावरून. एरवी सताड उघडे असणारे दार तेवढे दिवस लोटलेले असे. तो कल्याणपलीकडे कुठेतरी राहायचा, आणि त्याने केले काय होते हे चाळीत कुणालाही नीट सांगता येत नसे. गणपती जवळ आले, निवडणुका आल्या की तडीपारीच्या नोटिसा निघत. आजही निघतात.

याचे मूळ १९०२ च्या मुंबई शहर पोलीस कायद्यात आहे आणि पुढचे रूप १९५१ च्या मुंबई पोलीस कायद्यात. कलम ५६ खाली शिक्षा झालेली असण्याचीही गरज नाही. माणसाच्या हालचालींनी लोकांना धोका आहे आणि साक्षीदार भीतीने पुढे येत नाहीत, एवढे अधिकाऱ्याला वाटले की पुरे. कलम ५७ आधी शिक्षा झालेल्यांसाठी. मुदत दोन वर्षांपर्यंत. हे फौजदारी खटले नव्हेत. वकील म्हणतील, ही शिक्षाच नाही, खबरदारी आहे. पण ज्याची नोकरी गिरणीत आणि बिऱ्हाड लालबागला, त्याला कल्याणला पाठवणे ही शिक्षा नाही तर काय आहे?

मुंबईचे असे पोलीस आदेश सर्वोच्च न्यायालयात गाजले. १९५२ साली गुरबचन सिंग यांच्या खटल्यात जुन्या कायद्यातली तडीपारी घटनेला धरून असल्याचे न्यायालयाने म्हटले. १९५६ साली हरी खेमू गवळी यांनी कलम ५७ ला आव्हान दिले. पूर्वीची शिक्षा किती जुनी असावी याला त्या कलमात मर्यादा नव्हती. म्हणजे विसाव्या वर्षी झालेली शिक्षा पन्नासाव्या वर्षीही अंगाला चिकटलेली राहू शकत होती. बहुमताने कलम टिकले. न्यायमूर्ती जगन्नाथदास यांनी वेगळे मत नोंदवले. १९७२ च्या अखेरीस पंढरीनाथ रांगणेकर यांच्या प्रकरणात न्यायमूर्ती यशवंत चंद्रचूड यांनी सांगितले की नोटिशीत आरोपांचे सर्वसाधारण स्वरूप दिले तरी चालते, कारण तपशील दिला तर घाबरलेला साक्षीदार ओळखला जाईल. युक्तिवाद चुकीचा नाही. चाळीत राहिलेल्याला ती भीती ठाऊक असते. पण मग ज्याला तडीपार करायचे तो आपली बाजू मांडणार तरी कशाविरुद्ध?

१९८२ च्या संपानंतर गिरणगाव मोडले. टोळ्या वाढल्या, भर रस्त्यात गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या, आणि १९९९ साली महाराष्ट्राने मोक्का आणला. त्यातली 'चालू बेकायदा कृत्या'ची व्याख्या आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची. मागील दहा वर्षांत एकापेक्षा अधिक आरोपपत्रे दाखल झालेली असावीत आणि न्यायालयाने त्यांची दखल घेतलेली असावी. दोषसिद्धी नव्हे, आरोपपत्रे. कलम ७५ ला न्यायालयाचा निकाल लागत होता, इथे पोलिसांचा कागद आणि न्यायाधीशाने घेतलेली दखल पुरते. टोळीयुद्धाचे दिवस ज्यांनी पाहिले ते म्हणतील, निकालाची वाट पाहत बसलो असतो तर साक्षीदार उरलेच नसते. त्यांचेही खरे आहे. तरी दीडशे वर्षांत 'आधीचा गुन्हा' या शब्दांतला ऐवज कसा पातळ होत गेला तेही पाहायला हवे.

मग फाशीचा प्रश्न. जन्मठेप भोगणाऱ्याने खून केला तर फाशीच, दुसरी शिक्षा नाही, असे दंडविधानाचे कलम ३०३ सांगत होते. १९८३ साली मिठू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांनी ते रद्द केले. सरन्यायाधीश होते तेच चंद्रचूड, सोबत फझल अली आणि आपल्या मुंबई उच्च न्यायालयातून गेलेले तुळजापूरकर. न्यायाधीशाच्या हातातून विवेक काढून घेणारा कायदा न्याय्य नाही, हा निकालाचा गाभा. असे असूनही १९८९ साली अमली पदार्थांच्या कायद्यात कलम ३१ अ घातले गेले. ठरावीक वजनापुढच्या मालाच्या दुसऱ्या गुन्ह्याला फाशीच. २००८ साली मुंबईच्या विशेष न्यायालयाने एका काश्मिरी माणसाला चरसच्या दुसऱ्या गुन्ह्यासाठी अशी फाशी सुनावली. १६ जून २०११ रोजी न्यायमूर्ती खानविलकर आणि भंगाळे यांच्या खंडपीठाने ठरवले की 'फाशीच' असे न वाचता 'फाशीही देता येईल' असे वाचावे. २०१४ मध्ये संसदेने कायदाही तसा बदलला.

या पार्श्वभूमीवर ३७६ ई कडे पाहावे. डिसेंबर २०१२ च्या दिल्लीतल्या अत्याचारानंतर न्यायमूर्ती वर्मा समितीने बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती, उलट विरोध केला होता. सरकारने फाशी घातली. पण ती सक्तीची केली नाही, जन्मठेपेचा पर्याय ठेवला. म्हणजे मिठू खटल्याचा धडा घेतला. कलम ७५ चा मात्र घेतला नाही. तिथे दोषी ठरलेल्याने नंतर 'गुन्हा केला तर' असे होते, इथे तो 'नंतर दोषी ठरला तर' असे आहे. वाक्यातले एक क्रियापद बदलले. त्यामुळे गुन्ह्यांचा क्रम बाजूला पडला आणि निकालांचा क्रम पुढे आला. कोणत्या खटल्याचा निकाल आधी वाचला जातो यावर फाशीचा दरवाजा उघडू लागला.

तिघांच्या वकिलांनी उच्च न्यायालयात हे मांडले. जिथे जीव गेला नाही तिथे जीव घेणे प्रमाणाबाहेर आहे, हेही मांडले. ३ जून २०१९ रोजी न्यायमूर्ती भूषण धर्माधिकारी आणि रेवती मोहिते-डेरे यांच्या खंडपीठाने ते फेटाळून कलम घटनेला धरून असल्याचे ठरवले. हा निकाल केवळ कठोर म्हणून झटकून टाकता येत नाही. जुलैमधल्या मुलीच्या बाजूने विचार केला तर आपली हतबलता दिसते. तिच्यानंतर तीन आठवड्यांत तीच माणसे, तीच जागा. तिला शिक्षेच्या क्रमाची मीमांसा कोण सांगणार? ज्यांनी हे दोनदा केले ते तिसऱ्यांदाही करतील, ही भीती खरी आहे. मला एवढेच वाटते की ही भीती जन्मठेपेचे कारण होऊ शकते. 'सांगूनही ऐकले नाही' हा आरोप वेगळा आहे. तो फाशीपर्यंत नेणारा आहे, आणि तो करायचा तर आधी सांगितलेले असायला हवे.

२५ नोव्हेंबर २०२१ रोजी न्यायमूर्ती साधना जाधव आणि पृथ्वीराज चव्हाण यांनी फाशी रद्द केली. गुन्ह्याने समाजाचा विवेक हादरला हे त्यांनी मान्य केले, पण लोकक्षोभावरून शिक्षा ठरवता येत नाही, आणि जन्मठेप हा नियम व फाशी हा अपवाद आहे, असे म्हटले. तिघांना उरलेले सारे आयुष्य तुरुंगात काढायचे आहे. पॅरोल नाही, फर्लो नाही, समाजात पुन्हा मिसळायची संधी नाही. त्यांनी केल्या कृत्याचा पश्चात्ताप करत राहावे, असे न्यायालयाला वाटले. फिकहच्या जुन्या ग्रंथातली तौबेपर्यंतची कैद मला तेव्हा आठवली. तिथे मात्र दार उघडण्याची एक अट लिहिलेली होती.

१ जुलै २०२४ पासून दंडविधान गेले, भारतीय न्याय संहिता आली. जुने कलम ७५ तिथे १३ वे झाले. दोषी ठरल्यानंतर केलेल्या गुन्ह्याची त्याची अट शाबूत आहे. ३७६ ई हे ७१ वे झाले. आकडे बदलले, 'आधी दोषी ठरलेला' आणि 'नंतर दोषी ठरला तर' ही भाषा तशीच राहिली, आणि आधी म्हणजे कधी याचा खुलासा करणारी एक ओळही त्यात घातलेली नाही.